कॉखची गोळी, रॉसचा डास

आज एका गोळीबद्दल बोलायचं आहे. ही गोळी हिवताप बरा करत नाही. एकट्याने घेतली तर घेणाऱ्याचा हिवताप टळेल, असंही नाही. तरीसुद्धा दोन-तीन वर्षांपूर्वी केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, क्वाले नावाच्या भागात, हजारो धडधाकट माणसांना ती हिवतापासाठीच देण्यात आली. महिन्यातून एकदा, सलग तीन महिने. पोटात गेलेली गोळी रक्तात उतरणार, ते रक्त डास पिणार आणि मरणार, असा हा सगळा बेत होता.

औषधाचं नाव आयव्हरमेक्टिन. तुमच्यापैकी अनेकांनी ते ऐकलेलं असणार. ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना गोचीड-उवांवरचं इंजेक्शन म्हणून माहीत असेल. बाकीच्यांना कोविडच्या काळातलं आठवत असेल. त्यावर मी नंतर येतो. पण सुरुवात गोळीपासून करायची नाही. सुरुवात एका जुन्या भांडणापासून करायची, कारण ते भांडण समजलं की ही कल्पना किती विचित्र आहे आणि किती देखणी आहे, दोन्ही कळतं.

२० ऑगस्ट १८९७. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर एक डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. हिवतापाच्या रोग्याचं रक्त प्यायलेला हा डास. त्याच्या जठराच्या भिंतीत रॉसला हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्याला त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर उरलेली साखळी जोडली आणि इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत ती सिद्ध केली. ही कथा आपण शाळेत ऐकलेली असते. शाळेत न सांगितलेली गोष्ट पुढची आहे. आता डास गुन्हेगार ठरला, मग करायचं काय?

रॉसचं उत्तर सरळ होतं. डास मारा. डबकी बुजवा, गटारं काढा, साचलेल्या पाण्यावर तेल ओता. पश्चिम आफ्रिकेत फ्रीटाउनला त्याने माणसं लावून हे करून दाखवायचा प्रयत्न केला.

दुसरं उत्तर दिलं रॉबर्ट कॉखने. क्षयाचा जंतू शोधणारा हाच तो कॉख. १९०० च्या सुमारास तो जर्मनांच्या ताब्यातल्या न्यू गिनीत, स्टेफान्सोर्ट नावाच्या वसाहतीत होता. त्याचं म्हणणं असं की डास किती मारणार? ते कोट्यवधी आहेत. माणसं मोजकी आहेत. प्रत्येकाचं रक्त तपासा, ज्याच्या रक्तात परजीवी सापडेल त्याला क्विनीन द्या आणि रक्त स्वच्छ होईपर्यंत देत राहा. डासाला उचलायला परजीवीच मिळाला नाही, की झालं काम.

म्हणजे एका बाजूला डासावर हल्ला, दुसऱ्या बाजूला माणसाला औषध. पुढची शंभर वर्षं हिवतापाच्या विद्येत हे दोन पंथ राहिले. आपल्याकडेही त्याची झळ लागली. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डासनिर्मूलनाचा मोठा प्रयोग झाला. जेम्स आणि ख्रिस्टोफर्स या दोन डॉक्टरांनी तो अपयशी ठरवला. रॉस भडकला. त्याच्या मते प्रयोग मनापासून झालाच नव्हता, पैसाही पुरेसा दिला नव्हता. माझं वैयक्तिक मत विचाराल तर रॉसची तक्रार बरीचशी खरी होती, पण ते असो. कॉखच्या पंथाचीही गत काही वेगळी नव्हती. क्विनीन कडूजहर, कान वाजायला लागतात, आणि ताप नसलेला माणूस ते महिनोन्महिने का घेईल? हा प्रश्न लक्षात ठेवा. आज शेवटी आपण पुन्हा तिथेच पोचणार आहोत.

आता पन्नास वर्षं पुढे जाऊ. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज मॅक्डोनल्ड नावाच्या माणसाने रॉसचंच जुनं गणित पुन्हा मांडलं, आणि त्यातून निघालेली गोष्ट ही आजच्या व्याख्यानाची किल्ली आहे. डासाची मादी हिवतापाच्या रोग्याला चावली तरी ती लगेच रोग पसरवू शकत नाही. परजीवी तिच्या पोटात वाढतो, मग लाळग्रंथींपर्यंत पोचतो. याला साधारण दहा-बारा दिवस लागतात. आणि डासांच्या जगात बारा दिवस म्हणजे म्हातारपण. बहुतेक माद्या त्याआधीच मरतात. हिवताप पसरवतात त्या फक्त म्हाताऱ्या माद्या.

आता हिशेब बघा, अगदी तोंडी करता येईल असा. समजा रोज दहा टक्के डास मरतात. तर बारा दिवसांनी शंभरातले अठ्ठावीस उरतील. रोज वीस टक्के मेले, तर सातच उरतील. रोज तीस टक्के मेले, तर दीडसुद्धा धड उरत नाही. डासांची पैदास निम्म्यावर आणली तर धोका निम्मा होतो. रोजची मर थोडी वाढवली तर धोका कोसळतो. डास नाहीसे करायची गरजच नाही, त्यांना म्हातारं होऊ द्यायचं नाही, एवढं पुरे.

डीडीटी यशस्वी का झालं, याचं उत्तर या गणितात होतं. रक्त पिऊन जड झालेली मादी घराच्या भिंतीवर टेकते. भिंतीवर डीडीटी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी, प्रत्येक जेवणानंतर, तिला मरणाशी गाठ घ्यावी लागते. १९५३ साली भारताचा राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच बळावर. फवारणीवाले दारावर किंवा भिंतीवर तारीख टाकून जायचे. इथल्या ज्येष्ठांना त्या तारखा आठवत असतील. पुढे काय झालं तेही आठवत असेल. १९६० च्या दशकाच्या मध्यावर रुग्णसंख्या देशभरात लाखाच्या आसपास आली होती, आणि १९७६ साली ती चौसष्ट लाखांवर गेली. डासांनी डीडीटी पचवलं होतं, आणि आपण ढिले पडलो होतो.

मग मच्छरदाण्या आल्या, कीटकनाशकात बुडवलेल्या. त्यांचं ऋण मोठं आहे. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाची जी ६६ कोटींवर आजारपणं टळली असा अंदाज आहे, त्यातला दोन-तृतीयांश वाटा मच्छरदाण्यांचा. पण डासही शिकतात. काही कीटकनाशकाला दाद देईनासे झाले. आणि जे मुळातच घराबाहेर, संध्याकाळी, माणूस अंगणात बसलेला असताना चावायचे त्यांना मच्छरदाणीचा उपद्रव कधी नव्हताच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली हिवतापाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली. बहुतेक आफ्रिकेत, आणि आफ्रिकेतल्या मृतांमध्ये चारातली तीन पाच वर्षांखालची मुलं.

डास आत चावो की बाहेर, भिंतीवर बसो की झाडावर, एक गोष्ट मादीला टळत नाही. अंडी घालायची तर रक्त हवं. मग विष भिंतीऐवजी रक्तातच असलं तर?

इथे आपली गोळी येते, आणि ती येते भलत्याच दारातून.

१९७० च्या दशकात जपानमधल्या कितासातो संस्थेत सातोशी ओमुरा हे रसायनज्ञ ठिकठिकाणची माती गोळा करत असत. मातीतले सूक्ष्मजीव वाढवायचे आणि त्यांच्यापासून काही औषधी मिळतं का बघायचं, हा त्यांचा उद्योग. कावाना इथल्या एका गोल्फ मैदानाजवळून उचललेल्या मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस जातीचा जीवाणू सापडला. तो अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे विल्यम कॅम्पबेल या मूळच्या आयरिश शास्त्रज्ञाच्या गटाने तो जंत झालेल्या उंदरांवर आजमावला, आणि जंत नाहीसे झाले. त्यातल्या रसायनात थोडा बदल करून आयव्हरमेक्टिन तयार झालं. १९८१ पासून ते गुरांसाठी बाजारात आलं आणि तुफान चाललं. हे औषध कीटक आणि कृमी यांच्या मज्जातंतूंमधल्या एका विशिष्ट दारावर काम करतं. ते दार उघडं राहतं आणि प्राणी लुळा पडतो. माणसाच्या शरीरात तसलं दार नाही, म्हणून आपल्याला ते सोसतं.

त्याच १९८१ साली सेनेगलच्या डकारमध्ये ते पहिल्यांदा माणसांना दिलं गेलं. त्या कामामागे मर्कमधले मोहम्मद अझीझ हे डॉक्टर होते. त्यांचा जन्म आजच्या बांगलादेशातला. रोग होता रिव्हर ब्लाइंडनेस, नदीकाठचं आंधळेपण. वाहत्या पाण्यात वाढणारी काळी माशी चावते, तिच्यातून कृमी अंगात शिरतो, त्याची पिल्लं कातडीत आणि डोळ्यांत पसरतात. आंधळेपणाच्या भीतीने लोकांनी नदीकाठच्या सुपीक जमिनी सोडून दिल्या होत्या. वर्षातून एक-दोनदा आयव्हरमेक्टिन दिलं की पिल्लं मरतात. आता ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याकडे ते विकत घ्यायला पैसे नाहीत. १९८७ साली मर्कचे प्रमुख रॉय व्हॅगेलोस यांनी जाहीर केलं की या रोगासाठी हे औषध लागेल तितकं आणि लागेल तितकी वर्षं फुकट देऊ. औषध कंपन्यांबद्दल आपण चांगलं क्वचित बोलतो, पण हा शब्द पाळला गेला.

गावोगाव गोळ्या वाटायच्या तर वजनकाटे कुठून आणणार? म्हणून एक काठी केली, उंचीच्या खुणा असलेली. माणसाला काठीला टेकून उभं करायचं. उंचीवरून किती गोळ्या ते ठरतं. नव्वद सेंटीमीटरच्या खाली भरलेल्या मुलाला गोळी नाही. गरोदर बाईला नाही. ही काठीही लक्षात ठेवा.

आता गंमत बघा. हे औषध कीटकांवर चालतं, हे पहिल्यापासून माहीत होतं. ते पाजलेल्या प्राण्याचं रक्त डासाला मारतं, असे निष्कर्ष १९८० च्या दशकातच छापून आले होते. म्हणजे आफ्रिकेत लाखो लोकांच्या रक्तात वर्षातून काही दिवस डासांचं विष फिरत होतं, आणि हे कुणालातरी माहीत होतं. पण त्यावर फारसं कुणी काम केलं नाही. याचं कारण मला शास्त्रापेक्षा कचेरीत जास्त दिसतं. कृमींचं खातं वेगळं, हिवतापाचं खातं वेगळं. पैसा वेगळा, परिषदा वेगळ्या. जंतांच्या खात्याला डास मेले काय, जगले काय. हिवतापाच्या खात्याचं म्हणणं, हे औषध आमच्या परजीवीवर कुठे चालतं? दोन्ही आपापल्या जागी बरोबर. २०१५ साली नोबेलसुद्धा असंच वाटलं गेलं. अर्धं कॅम्पबेल आणि ओमुरा यांना कृमींसाठी, अर्धं चीनच्या तू यूयू यांना हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनसाठी.

भिंत थोडी फोडली ती सेनेगलच्या आग्नेय भागातल्या गावांनी. तिथे आंधळेपणासाठी आयव्हरमेक्टिन वाटलं जातच होतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे ब्रायन फॉय, सेनेगलचे मसाम्बा सिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळीवाटपानंतर त्या घरांतले रक्त प्यायलेले डास पकडले आणि किती दिवस जगतात ते बघितलं. ते लवकर मरत होते. आणि रोग पसरवू शकणाऱ्या डासांचं प्रमाणही काही दिवस घटलं होतं. ही २०१० च्या आसपासची गोष्ट. डासांचं म्हातारपण हिरावलं जात होतं, मॅक्डोनल्डच्या कागदावरच्यासारखं.

थोडं थांबून बघा, काय झालं ते. माणसाला गोळी द्यायची, म्हणजे हत्यार कॉखचं. मारायचं डासाला, म्हणजे लक्ष्य रॉसचं. शंभर वर्षं भांडलेले दोन पंथ एका गोळीत आले.

आणि इथूनच अडचणी सुरू होतात. नेहमीच्या मात्रेने रक्त डासाला मारक राहतं ते जेमतेम आठवडाभर. पावसाळा चार महिन्यांचा. मग मात्रा वाढवायची की वारंवार द्यायची? केनियात किसुमूला मोठी मात्रा तीन दिवस देऊन बघितली. त्या माणसांचं रक्त पुढे २८ दिवसांपर्यंत डासांना बाधत होतं. दुसरीकडे बुर्किना फासोच्या आठ गावांत २०१५ च्या पावसाळ्यात फॉय यांच्या गटाने दर तीन आठवड्यांनी गोळी दिली. लहान मुलांमध्ये हिवतापाची आजारपणं मूलमागे अडीचावरून दोनावर आली, म्हणजे वीस टक्के घट. २०१९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं तेव्हा मोठा आनंद झाला. लगेच संख्याशास्त्रज्ञांनी हात वर केला: गावं फक्त आठ, आणि एका गावातली मुलं एकमेकांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत, नीट हिशेब केला तर हा आकडा टिकत नाही. मग तिथेच दुसरा मोठा प्रयोग झाला, दोन पावसाळे, जास्त मात्रा. फरक दिसला नाही. गिनी-बिसाऊच्या बिजागोस बेटांवर हिवतापाच्या औषधांबरोबर आयव्हरमेक्टिन जोडून बघितलं. जोडल्याने जास्तीचा फायदा मिळाला नाही.

मी हे अपयश घाईने सांगून पुढे जाणार नाही, कारण अशा व्याख्यानांत हेच गाळलं जातं. गणित सुंदर होतं. प्रयोगशाळेत डास मरत होते. गावात मात्र ताप कमी झाला नाही. असं का होतं? मेलेल्या डासांची जागा शेजारच्या, गोळी न घेतलेल्या गावातले डास घेतात. डास गुरांचंही रक्त पितात. काही लोक वाटपाच्या दिवशी शेतावर असतात. आणि ती काठी आहेच. नव्वद सेंटीमीटरखालची मुलं आणि गरोदर बाया यांच्या रक्तात विष नाही, तिथे डास निर्धास्त जेवतो.

याच सुमारास कोविड आला, आणि हे औषध एकदम जगभर गाजलं, चुकीच्या कारणाने. प्रयोगशाळेतल्या एका निष्कर्षावरून लोकांनी ते कोविडवरचा रामबाण मानलं. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरच्या सर्वांना ते देण्याची घोषणा केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी त्याच सुमारास आठवण करून दिली की संशोधनाबाहेर कोविडसाठी ते वापरू नये असा संघटनेचा सल्ला आहे. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत कोविडवर उपयोग दिसला नाही. पण नुकसान दुहेरी झालं. आयव्हरमेक्टिन म्हटलं की एका गटाला ते चमत्कार वाटतं, दुसऱ्याला भोंदूगिरी. यात हिवतापाचं संशोधन करणाऱ्यांना, आमचा त्याच्याशी संबंध नाही हो, असं सांगत बसावं लागलं.

अशा वातावरणात क्वालेचा प्रयोग झाला. बार्सिलोनाच्या आयएसग्लोबल संस्थेच्या पुढाकाराने, केनियातल्या संशोधकांसह. पावसाळ्याच्या तोंडाशी, महिन्याला एकदा, तीन महिने. वजनाच्या दर किलोला ४०० मायक्रोग्रॅम. तुलनेच्या गावांना अल्बेंडाझोल, म्हणजे जंतांचीच दुसरी गोळी, जी डासांना काही करत नाही. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचं रक्त दरमहा तपासलं. २०२५ च्या जुलैत निकाल आला: हिवतापाची नवी लागण २६ टक्क्यांनी कमी. मच्छरदाण्या होत्याच, त्यावर ही भर.

सव्वीस टक्के म्हणजे खूप की थोडं? हिवतापाच्या इतिहासात एकट्या हत्याराने काम फत्ते झालेलं मला तरी दिसत नाही, त्यामुळे मी त्याला थोडं म्हणणार नाही. पण बुर्किना फासो आणि बिजागोस पुसून टाकून क्वालेवर नाचायचंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही आणखी चाचण्या हव्यात असंच म्हटलं.

मागच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं, आपल्याकडे गडचिरोलीत हे चालेल का? आयव्हरमेक्टिन आपल्याला नवं नाही. हत्तीरोगासाठी तीन औषधांच्या मिश्रणात ते नागपूर जिल्ह्यात वाटलं गेलंय. पण आपल्या खेड्यांतला हिवतापाचा एक प्रमुख डास, ॲनोफेलिस क्युलिसिफेसिस, माणसापेक्षा गुरांकडे जास्त जातो. म्हणजे गोळी माणसाला देऊन तो निम्मा सुटणार. मग गुरांना द्यायचं? त्यावर कामं चालू आहेत, पण दुभत्या जनावराला हे औषध दिलं की ते दुधात उतरतं. आणि मध्य आफ्रिकेत आणखी वेगळा प्रश्न आहे. तिथे लोआ लोआ नावाचा, डोळ्यातून सरकताना दिसणारा कृमी असतो. त्याची लागण फार जास्त असलेल्या माणसाला आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो.

आता मघाचा प्रश्न. ताप नसलेला माणूस गोळी का घेईल? कॉखच्या क्विनीनमध्ये घेणाऱ्याचं स्वतःचं रक्त तरी स्वच्छ व्हायचं. इथे तेवढंही नाही. तुम्ही गोळी घेता, एक डास तुम्हाला चावतो, मग मरतो. तुम्हाला तर तो चावलाच. वाचतं ते पलीकडच्या घरातलं मूल, काठीच्या खुणेखाली भरलेलं, ज्याला ही गोळी देताच येत नाही आणि हिवतापाने मरण्याचा धोका ज्याला सगळ्यात जास्त. आणि हे खरं व्हायला गावातल्या बहुतेकांनी घ्यायला हवी. म्हणून सांगतो, इथून घरी जाताना कुणी दुकानातून ही गोळी आणू नका. एकट्याच्या पोटात ती हिवतापाविरुद्ध काहीच करत नाही.

क्वालेच्या जोडीने मोझांबिकमध्ये, मोपेया जिल्ह्यात, तसाच प्रयोग चालू होता. २०२२ साली गोम्बे चक्रीवादळ आलं, पाठोपाठ कॉलऱ्याची साथ आली, आणि हिवतापाबद्दल ठाम बोलावं असं तिथून काही हाती लागलं नाही. पण त्या आकडेवारीत एक वेगळीच नोंद आहे. गोळी घेतलेल्यांमध्ये खरूज आणि उवा कमी झाल्या होत्या. आणि लोकांनी सांगितलं, घरातले ढेकूणही कमी झालेत.